स्टेशनमास्तरचा मुलगा आणि युरेनियमचा शोध

कसाऱ्याकडे जाणारी लोकल आसनगावला बरीचशी रिकामी होते. पुढचं स्टेशन आटगाव. उतरलात की एकदा रुळांखाली बघा. काळी, धारदार खडी दिसेल. असा दगड इथे लांबून आणायची गरज नाही. विहीर खणा, घराचा पाया खणा, माहुलीच्या कड्याला हात लावा, सगळीकडे हाच काळा पत्थर. पुस्तकातलं नाव बेसॉल्ट.

आता कल्पना करा, जानेवारीतल्या एखाद्या कोरड्या सकाळी एक छोटं विमान या भागावर येतं. उंची जेमतेम शंभर मीटर. शेतकरी नांगराचे तास घालतो तसं ते सरळ जातं, वळतं, थोडं अंतर सोडून परत येतं. पोटात एक जड पेटी आहे, शेपटीला काठीसारखं काहीतरी पुढे आलेलं आहे. ते युरेनियम शोधतंय. आटगाववर त्याला काय सापडेल?

जवळजवळ काहीच नाही. पण हे 'काहीच नाही' विमानातून कसं कळतं, आणि आपल्या देशात हा शोध मुळात कोणी सुरू केला, हे वाचायला बसले आणि एका पारशी माणसापाशी येऊन थांबले. त्याचे वडील अशाच एका आडबाजूच्या स्टेशनवर स्टेशनमास्तर होते.

दाराशॉ नोशेरवान वाडिया यांचा जन्म १८८३ साली सुरतला झाला. वाडिया म्हणजे जहाजं बांधणारे. मुंबईच्या गोदीत ईस्ट इंडिया कंपनीसाठी जहाजं बांधणारं प्रसिद्ध घराणं तेच. पण दाराशॉंच्या वडिलांपर्यंत येईस्तोवर जहाजं मागे पडली होती आणि रेल्वे आली होती. वडील बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरीला होते. स्टेशन इतकं लहान की तिथे शिकायची धड सोय नव्हती, म्हणून मुलाला सुरतला आजीकडे ठेवलं. शाळेसाठी पहाटेची लोकल पकडून कल्याणला जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे कुटुंब बडोद्याला गेलं. सयाजीराव गायकवाडांचं बडोदं, म्हणजे शिक्षणासाठी त्या काळी याहून चांगली जागा मिळणं कठीण.

तरी भूगर्भशास्त्र शिकवणारं तिथे फारसं कोणी नव्हतं. बडोदा कॉलेजात दाराशॉंनी आधी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन १९०३ साली पदवी मिळवली. मग दगडांचा नाद लागला. निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक अदरजी मसानी यांनी तो वाढवला. मग १९०५ साली भूगर्भशास्त्र घेऊन दुसरी पदवी, पुढच्या वर्षी एम. ए. बराचसा विषय स्वतःच वाचून शिकलेला. आज आपण युट्यूबवर बघून काहीतरी शिकतो आणि त्याचं कौतुक करून घेतो. या माणसाने तेच पुस्तकं आणि दगडांचे नमुने घेऊन केलं. पुढे देशभरच्या विद्यार्थ्यांनी वाचावं असं या विषयाचं पाठ्यपुस्तकही त्यांनीच लिहिलं.

ते लिहिलं जम्मूत. १९०७ साली, चोविशीही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, ते जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात शिकवायला गेले. आयुष्याला वळण मिळालं ते इथे. कॉलेजच्या खिडकीबाहेर शिवालिकच्या टेकड्या, त्यांच्या मागे पीर पंजाल. सुट्टी लागली की वाडिया डोंगरात. विद्यार्थ्यांनाही घेऊन जायचे. हातोडी, होकायंत्र, वही आणि पाय, एवढंच सामान. याच भटकंतीत शिवालिकच्या थरांत त्यांना हत्तीच्या एका नामशेष जातीचा सुळा मिळाला, सुमारे तीन मीटर लांबीचा. शास्त्रज्ञांनी या जातीला आपल्या गणपतीचं नाव दिलंय, स्टेगोडॉन गणेशा. भारताच्या भूगर्भशास्त्रावरचं त्यांचं पुस्तक १९१९ साली लंडनच्या मॅकमिलनने छापलं. त्याच्या आवृत्त्या पुढे कितीतरी वर्षं निघत राहिल्या. आपल्या पायाखालच्या दख्खनच्या लाव्यावरही त्यात प्रकरण आहे.

१९२१ साली ते जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात दाखल झाले. वय सदतीस. या वयात लोक नोकरीत स्थिरावून बढतीची वाट बघत असतात, हे नव्या नोकरीला लागले. सर्व्हेतले मोठे अधिकारी तोवर बहुतेक इंग्रज, आणि जे थोडे भारतीय होते ते युरोपातून शिकून आलेले. युरोपातली पदवी नसताना तिथल्या अधिकारी पदावर पोचलेले वाडिया हे पहिले भारतीय.

मग वायव्य हिमालय. नंगा पर्बतच्या भोवती त्यांनी वर्षानुवर्षं पायी नकाशे केले. पूर्वेकडून सरळ येणाऱ्या हिमालयाच्या रांगा काश्मीरच्या पुढे एकदम गुडघ्यात वाकल्यासारख्या दक्षिणेकडे वळतात. का वळतात? दोन वेगळ्या रांगा येऊन भेटतात, असा एक समज होता. वाडियांनी थरामागून थर तपासत दाखवलं की रांग एकच आहे. भारताच्या जुन्या, कठीण भूखंडाचा एक कोपरा जिभेसारखा उत्तरेला घुसलाय आणि डोंगर त्याच्याभोवती वळलेत. १९३१ साली हे प्रसिद्ध झालं. तेव्हा वरून बघायला उपग्रह नव्हता. एवढ्या मोठ्या वळणाचा आकार त्यांनी जमिनीवरून, एकेका खडकाचा उतार मोजत काढला.

१९३८ साली नियमाप्रमाणे निवृत्त झाले. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, सरकारी खनिजशास्त्रज्ञ म्हणून गेले, तिथलं काम केलं, दरम्यान इंडियन सायन्स काँग्रेसचे लागोपाठ दोनदा अध्यक्ष झाले, परत आले आणि भारत सरकारचे खनिज सल्लागार झाले. हे सगळं मी एका दमात सांगून टाकतेय, कारण आपल्याला पुढे जायचंय.

१९४८ साली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. अध्यक्ष होमी भाभा, वय अडतीस. भाभांना अणुभट्ट्या हव्या होत्या. भट्टीला युरेनियम लागतं, आणि देशात ते किती आहे, कुठे आहे, कुणाला नीट माहीत नव्हतं. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम आहे हे ठाऊक होतं. सिंहभूमच्या तांब्याच्या पट्ट्यात युरेनियमच्या खुणा दिसल्या होत्या. बाकी नकाशा कोराच. बाहेरून विकत घ्यावं तर विकणारे अटी घालणार. म्हणून १९४९ साली दुर्मिळ खनिजं शोधणारं एक छोटं पथक उभं राहिलं आणि त्याची सूत्रं वाडियांकडे आली. त्यांना पासष्टावं वर्ष सरत होतं. या पथकाचंच पुढे ॲटॉमिक मिनरल्स डिव्हिजन झालं. आज ते परमाणू खनिज संचालनालय आहे, मुख्यालय हैदराबादला.

सुरुवातीला हातात गायगर काउंटर. किरणोत्सारी दगड जवळ आला की टकटक करणारी ती पेटी. तरुण भूगर्भशास्त्रज्ञ ती घेऊन रानोमाळ फिरत होते. १९५१ साली सिंहभूममध्ये, आजच्या झारखंडात, जादुगुडाला युरेनियम मिळालं. देशातली पहिली युरेनियमची खाण पुढे तिथेच झाली. पण देश केवढा मोठा! पेटी गळ्यात अडकवून तो पायी पालथा घालायचा तर पिढ्या जातील. म्हणून १९५०च्या दशकाच्या मध्यात पेटी विमानात गेली. हातोडी घेऊन हिमालयाचा नकाशा करणाऱ्या माणसाच्या खात्याला आता आकाशातून जमीन वाचायची होती.

कशी वाचतात? तर आपलं ते विमान पुन्हा आटगाववर आणूया.

त्याच्या पोटातल्या पेटीत सोडियम आयोडाइडचे मोठे स्फटिक असतात. जमिनीतून आलेला गॅमा किरण स्फटिकात शिरला की आत प्रकाशाची बारीकशी चमक उठते. ती चमक मोजली जाते. जितकी चमक मोठी, तितकी किरणाची ऊर्जा जास्त. सुरुवातीच्या यंत्रांना नुसती एकूण बेरीज कळायची, म्हणजे खाली काहीतरी आहे एवढंच. नंतरची यंत्रं ऊर्जेवरून ओळख पटवू लागली. १.४६ एमईव्हीची चमक पोटॅशियमची, १.७६ ची युरेनियमच्या वंशातली, २.६२ ची थोरियमच्या वंशातली.

'वंशातली' म्हटलं ते मुद्दाम. युरेनियम स्वतः असे ठळक गॅमा किरण फारसे सोडत नाही. त्याचा ऱ्हास होत होत पुढे कित्येक पिढ्यांनी जो बिस्मथ तयार होतो, त्याची ही खूण. म्हणजे विमान खापरपणतूला बघतं आणि पणजोबा इथेच असणार असं धरून चालतं. यात एक गडबड आहे. मधल्या पिढीत रेडॉन जन्माला येतो आणि तो वायू आहे. तो जमिनीतून निसटून वाऱ्याबरोबर भलतीकडे जातो आणि बिस्मथ तिकडे तयार होतो. पाऊस पडला की हवेतली ही पोरं धुऊन जमिनीवर येतात आणि थोडा वेळ आकडे उगाच फुगतात. नंतर ओली जमीन किरण अडवते आणि आकडे पडतात. शहापूर-मुरबाडच्या पावसात हे काम कुणी करणार नाही. म्हणून तर आपलं विमान जानेवारीत आणलं.

बरं, विमानाचा स्वतःचा थोडा किरणोत्सार असतो, आकाशातून येणारे वैश्विक किरण असतात, हवेतला रेडॉन असतो. हे वजा कसं करायचं? त्यासाठी मोठ्या तलावावर उडतात. काही मीटर पाण्यातून जमिनीचे किरण वर येत नाहीत, त्यामुळे तिथे जे मोजलं जातं ते सगळं वरचं. या बाबतीत आपला भाग भाग्यवान. तानसा आणि भातसा दोन्ही हाताशी.

पण या पद्धतीची सगळ्यात मोठी मर्यादा म्हणजे तिला खोलवर दिसत नाही. फूटभर, फार तर दीड फूट माती किंवा दगड, त्याखालचे किरण वर पोचतच नाहीत. शंभर मीटर हवेतही साधारण निम्मे विरतात, म्हणून तर विमान एवढं खाली. युरेनियमच्या मोठ्या साठ्यावर कुणी दोन फूट माती पसरली तर वरून ते शेत बाकीच्या शेतांसारखंच दिसेल.

इथे शेपटीची काठी कामाला येते. तिच्या टोकाला मॅग्नेटोमीटर असतो. विमानाच्या इंजिनाच्या लोखंडापासून दूर ठेवायचा म्हणून शेपटीला. युरेनियम काही चुंबकाला ओढलं जात नाही. पण ज्या खडकांत ते साठतं, त्यांची रचना चुंबकत्वातून दिसते. मॅग्नेटाइटचे कण असलेला खडक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किंचित भर घालतो किंवा ते कमी करतो. मुंबईच्या आसपास हे क्षेत्र सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला. आजचा मॅग्नेटोमीटर त्यातला एका नॅनोटेस्लाहून कमी फरकही टिपतो. खाली भेग असेल, खडक चिरडला गेला असेल, गरम पाण्याने मॅग्नेटाइट खाऊन टाकलं असेल, तर नकाशावर रेष तुटलेली दिसते. युरेनियम वाहून आणणारं पाणी अशाच भेगांतून फिरतं. आणि मुख्य म्हणजे चुंबकत्व मातीने अडत नाही. शेकडो मीटर खालचा खडकही जाणवतो.

पृथ्वीचं क्षेत्र दिवसभरातही थोडं वरखाली होतं. ते वजा करायला जमिनीवर एक यंत्र एका जागी ठेवून सतत मोजावं लागतं. अशी कायमची मोजणी आपल्याकडे फार जुनी आहे, अलिबागला. आधी ती कुलाब्याच्या वेधशाळेत चालायची. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर तारांमधल्या करंटने सगळी मोजमापं बिघडणार हे दिसलं, आणि तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी १९०४ साली काम अलिबागला नेलं. इमारतही चुंबकत्व नसलेल्या सामानाची. आटगाववर उडणाऱ्या विमानालाही हा त्रास होईलच. कसारा मार्गाच्या विजेच्या तारा, उच्चदाबाचे टॉवर, कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड, सगळं नकाशावर उमटणार आणि कुणाला तरी बसून ते निवडून काढावं लागणार.

एवढं करून उत्तर काय? किरणांचा नकाशा जवळपास सपाट. बेसॉल्टमध्ये दहा लाख भागांत युरेनियमचा धड एक भागही नसतो. ग्रॅनाइटमध्ये तीन-चार असतो. चुंबकीय नकाशा मात्र गजबजलेला. लाव्हा गार होताना त्या वेळची उत्तर-दक्षिण त्यात गोठून बसते, आणि सह्याद्रीच्या बऱ्याच थरांत ती आजच्या बरोबर उलटी आहे, कारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीचं चुंबकच उलटं होतं. त्यात आपल्याकडे लाव्ह्याच्या थरांना उभं चिरत गेलेल्या डाइकच्या भिंती. नकाशा बघण्यासारखा होईल, पण युरेनियमवाल्यांच्या उपयोगाचा नाही.

मात्र हाच दगड दुसरीकडे झाकण म्हणून बसलाय. उत्तर कर्नाटकात भीमेच्या खोऱ्यातल्या जुन्या चुनखडीत गोगी इथे युरेनियम मिळालं, आणि त्याच खडकांचा उत्तरेकडचा भाग आपल्या या काळ्या लाव्ह्याखाली गेलाय. बेळगाव जिल्ह्यात देशनूरला कलादगी खोऱ्याच्या खडकांत युरेनियमच्या खुणा सापडल्या, तिथेही शेजारी लाव्हा आहेच. महाराष्ट्रात जे थोडं नोंदलं गेलंय ते पार पूर्वेला, गोंदियाच्या बाजूला, जिथे लाव्हा संपून जुने खडक उघडे पडतात. झाकणाखाली गॅमा किरणांना दिसत नाही. तिथे चुंबकीय नकाशा वाचावा लागतो, आणि मग कुणीतरी जाऊन भोक पाडून बघावं लागतं.

ते जाणं काही चुकलेलं नाही. विमान फक्त संशयित जागांची यादी देतं. त्यातल्या बऱ्याच जागा निव्वळ ग्रॅनाइट निघतात, काही नुसता थोरियम. यादी घेऊन जीपने जायचं, जीप थांबते तिथून चालायचं, दगड फोडायचा, वही काढायची. म्हणजे पुन्हा वाडियांचं जम्मूतलं सामान, फक्त पेटी नवी. आपल्या पेशात मला हे फार ओळखीचं वाटतं. डेटा टेबलावर येतो, बातमीसाठी उठून जावंच लागतं.

आणि गेल्यावर तिथे माणसं राहत असतात. जादुगुडाचा दगड इतका हलक्या प्रतीचा की टनभर फोडून त्यातून किलोभरही युरेनियम निघत नाही. उरलेला जवळपास सगळा टन चिखल होऊन बंधाऱ्यामागे साठतो. शेजारी संथाळ आणि हो आदिवासींची गावं. जमीन गेली, आजारपणाच्या तक्रारी झाल्या, त्यावर अभ्यास झाले, त्यांच्या निष्कर्षांवर वाद झाले, आंदोलनं झाली. हे बहुतेक वाडियांच्या नंतरचं. त्यांनी नकाशा केला, खाण चालवली नाही. तरीही त्यांच्याबद्दल लिहिताना हे वगळावं असं मला वाटत नाही. मुंबईच्या नळासाठी तानसा-भातसाखाली ज्यांची गावं आणि शेतं गेली त्यांच्या तालुक्यात बसून तर मुळीच नाही. आपल्या खाली युरेनियम नाही याचं वाईट वाटून घ्यायचं की सुटलो म्हणायचं, हे ज्याने त्याने ठरवावं.

वाडिया त्या खात्याशी शेवटपर्यंत जोडलेले राहिले. १९५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. भूगर्भशास्त्रात हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. पुढच्या वर्षी पद्मभूषण. जादुगुडाच्या कामासाठी युरेनियम कॉर्पोरेशन १९६७ साली स्थापन झालं आणि वर्षभरात तिथली गिरणीही सुरू झाली, तेव्हा ते हयात होते. भाभा नव्हते. त्यांच्याहून सव्वीस वर्षांनी लहान असलेले भाभा १९६६ साली मॉं ब्लांवरच्या विमान अपघातात गेले होते.

१९६४ च्या डिसेंबरात जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ दिल्लीत जमले. ती आंतरराष्ट्रीय काँग्रेस आशियात पहिल्यांदाच भरत होती आणि अध्यक्षपदी एक्याऐंशी वर्षांचे वाडिया होते. हिमालयाच्या अभ्यासासाठी वेगळी संस्था हवी हा त्यांचा आग्रह १९६८ साली दिल्लीत एका लहानशा सुरुवातीने पुरा झाला. संस्था नंतर डेहराडूनला गेली आणि तिला त्यांचंच नाव मिळालं. ते बघायला ते नव्हते. १५ जून १९६९ रोजी ते वारले, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी.